पसंत केल्याशिवाय प्रिंट नाही

दोन वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असायचं. ते मीच टाइप केलं, माझ्याच स्टुडिओत छापलं आणि माझ्याच मशीनवर लॅमिनेट केलं. त्यावर चार ओळी होत्या. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला सहसा कायद्याची मनाई नाही. रस्त्यावर जे डोळ्यांना दिसतं ते कॅमेऱ्यालाही दिसलं तर गुन्हा होत नाही. कुणाही येणाऱ्याजाणाऱ्याला कॅमेरा हिसकावण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार नाही. काढलेल्या फोटोचा मालक फोटोग्राफर. खाली मी माझं नाव घालून सही ठोकली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं की हा कायदा मीच केला आहे.

ही सगळी माहिती माझ्या वकील मित्राची. तो वर्ध्याच्या कोर्टात वकिली करतो आणि पासपोर्ट फोटोसाठी माझ्याचकडे येतो, कारण दुसऱ्या स्टुडिओत त्याचं टक्कल चमकतं. एकदा लाइट लावता लावता मी त्याला विचारलं, रस्त्यावर फोटो काढायचे नियम काय रे? त्याने मान सरळ ठेवून आठ गोष्टी सांगितल्या, चार हक्कांच्या आणि चार जबाबदारीच्या. कार्ड लहान होतं, म्हणून मी हक्कांच्या तेवढ्या छापल्या. मागची बाजू कोरीच राहिली.

माझा स्टुडिओ बोरगाव मेघेला. तीस वर्षं मी लोकांना स्टुलावर बसवून हनुवटी वर करायला सांगत आलो. धंद्यात एक रीत मात्र पहिल्या दिवसापासून पाळली. फोटो काढला की तो गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि विचारायचं, "पसंत?" पूर्वी छोटी प्रत काढून हातात द्यायचो, आता कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवतो. ते 'हाव' म्हणाले तरच प्रिंट. एक निवृत्त गुरुजी सात वेळा स्टुलावर बसले आणि शेवटी पहिलाच फोटो बरा म्हणाले. मी हूं की चूं केलं नाही. भिंतीवर तशी पाटीच आहे: पसंत केल्याशिवाय प्रिंट नाही.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि माझं स्टूल रिकामं राहू लागलं. रिकामा फोटोग्राफर घरात बसला की घरच्यांचं डोकं खातो, म्हणून मी कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर उतरलो. फेसबुकवर पान काढलं. आपण आता लग्नाचे फोटोग्राफर राहिलो नाही, रस्त्यावरचे कलावंत झालो, असं मी घरी जाहीर केलं. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "गिराईक दुकानात येत नाई म्हणून आता तुमी गिराइकाच्या मागं फिरून राह्यले, असं म्हणा न."

कार्डाचा उपयोग फारसा झाला नाही, हे खरं सांगायला हवं. सिंदीच्या रेल्वे फलाटावर एका शिपायाने मला हटकलं. मी रुबाबात कार्ड पुढे केलं. त्याने ते वाचलं, उलटं केलं आणि विचारलं, "मागं काऊन काही नाई?" मग त्याने समजावलं की स्टेशन रेल्वेचं आहे, कलाकारी करायची तर आधी रेल्वेला विचारा. हिंगणीच्या पुढे बोर धरणावर 'फोटो काढण्यास मनाई' अशी पाटी दिसली, तर मी त्या पाटीचाच फोटो काढला. तिथला चौकीदार इतका हसला की त्याने मला चहा पाजला, पण चहा होईपर्यंत कॅमेरा स्वतःच्या मांडीवर ठेवला. तरीही कार्ड खिशात असलं की मला छाती फुगल्यासारखी वाटायची.

तो फोटो मी सिंदीच्या आठवडी बाजारात काढला. हिवाळ्याचे दिवस होते. दुपार कलती होती आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर पन्नाशीकडे झुकलेली एक बाई बसली होती. डोईवरचा पदर मागे सरकलेला, मान खाली, डोळे मिटलेले आणि उजवा हात गुडघ्यावर घट्ट दाबलेला. उन्हाचा एकच पट्टा नेमका त्या हातावर पडला होता. मी समोरच्या कांद्याच्या ढिगाआड बसलो, माझे गुडघे कुरकुरले, मी तीन फोटो काढले आणि तिने डोळे उघडायच्या आत तिथून सटकलो. कार्ड खिशात असूनही सटकलो, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर घेतला. उजवीकडे नको ते काहीबाही होतं, ते कापलं. रंग काढून काळापांढरा केला. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव, माझं नाव आणि 'बोरगाव मेघे' असं टाकलं, म्हणजे कुणी चोरू नये. फोटोला नाव दिलं 'थकवा'. फेसबुकवर लोकांनी हात जोडले, डोळ्यांतून पाणी काढलं. एका स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते प्रशस्तिपत्र मी स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या नाकासमोर येईल असं टांगलं आणि पुढचे सहा महिने जो येईल त्याला 'कष्टकरी स्त्रीचं दुःख' या विषयावर ऐकवलं.

पुढच्या वर्षी, नवरात्राच्या सुमारास, बायकोने माझ्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणली. सिंदीत कुणी नवा दुकानदार स्वतः तेल काढून विकत होता आणि बाटलीसोबत एक पत्रक देत होता. 'उठता येत नाही? बसता येत नाही?' असं वर लाल अक्षरांत. खाली माझा फोटो. म्हणजे तिचा. गुडघ्याच्या जागी लाल गोळा काढून त्यातून विजा निघताना दाखवल्या होत्या आणि शेजारी बाटली उभी होती. कोपऱ्यात माझं नाव जसंच्या तसं.

आता मला काय वाटायला हवं होतं, ते मला आज कळतं. त्या दिवशी मला आनंद झाला. आपला फोटो छापून आला, तोही नावासकट. मी ते पत्रक स्टुडिओच्या काचेवर बाहेरून दिसेल असं चिकटवलं.

चारच दिवसांनी ती आली.

मी एका कॉलेजच्या मुलीचा फोटो काढून पडदा तिच्याकडे वळवत होतो. "पसंत?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, केस नीट नाहीत, पुन्हा काढा. पुन्हा काढला. एवढ्यात काचेबाहेर एक बाई उभी राहून पत्रक निरखताना दिसली. मुलगी गेल्यावर ती आत आली, भिंतीवरची पाटी तिने सावकाश वाचली, प्रशस्तिपत्राकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"हा फोटो तुमीच काढला न, भाऊ? कोपऱ्यात नाव हाय गावासकट. त्याच्यानं सापडले."

मी अजूनही हवेतच होतो. म्हणालो, "हो, माझाच. बक्षीस आहे त्याला. आवडला का?"

"थो गुडघा माया हाय," ती म्हणाली.

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं, आणि आवाज एकदाही चढवला नाही, त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

"मी वीस वर्सापासून कापूस वेचाईच्या बायांची मुकादम हाय. सोळा बाया हाय माया संगं. दरसाल आठ वावरं आमीच वेचतो. दसऱ्याच्या आंधी शेतमालक सांगून ठेवतेत, मावशी, सीतादहीले बाया घेऊन येजो. यंदा एकानंही सांगतलं नाई. मी इचाराले गेली, तर म्हणते, मावशी, तुमचे गुडघे गेले न, आराम करा आता. मी म्हणलं, कोनं सांगतलं? तर म्हणते, सांगाले कायले पाह्यजे, स्टँडवर केवढा फोटो लागला हाय."

सीतादही म्हणजे आमच्याकडे पहिल्या वेचणीचा दिवस. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. त्या दिवशी ज्या टोळीला बोलावणं येतं, हंगामभर त्या वावराची वेचाई तिचीच असते. बोलावणं नाही आलं तर टोळी दुसऱ्या मुकादमाकडे जाते, आणि एकदा गेलेली टोळी परत येत नाही. कापूस वेचायचा तर दिवसभर वाकायचं, खालच्या बोंडांसाठी उकिडवं बसायचं, पदराची ओटी कापसाने भरली की उठायचं. गुडघे गेलेल्या मुकादमाला कोण विचारणार? पत्रकाचंच दहापट मोठं फ्लेक्स सिंदीच्या बस स्टँडसमोर लागलं होतं आणि माझ्या फोटोने या बाईची वीस वर्षांची पत घालवली होती.

मी काय करावं? मी कार्ड काढलं. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण मी खरंच कार्ड काढून तिला वाचून दाखवलं. बाजार सार्वजनिक जागा आहे, ताई, तिथं फोटो काढायला मनाई नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आता गेली त्या पोरीले तुमी दोन खेपा इचारलं, पसंत काय म्हणून. तिचा फोटो येवढासा. माया फोटो स्टँडयेवढा. मले काऊन नाई इचारलं?"

मी वकिलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे जे काय व्हायचं ते दोघांसमोर होईल.

वकील म्हणाला, "फोटो काढलास तिथवर कायद्याने तुझं काही चुकलं नाही. बाजार उघडा, बाई उघड्यावर बसलेली, त्यात लाजेसारखं काही नाही. पण जाहिरातीत कुणाचा चेहरा वापरायचा तर त्या माणसाला विचारावं लागतं. हे मी तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"आठातली पाचवी गोष्ट. सहावी अशी होती की फोटोखाली खोटं वाटेल असं काही लिहू नये. सातवी ऐकायची आहे?"

मी म्हणालो, नको, उपाय सांग. तो म्हणाला, बाईंना हक्क आहेच, पण त्या कोर्टात गेल्या तर तारखा पडतील आणि कापूस काही तारखेसाठी थांबत नाही. "त्यापेक्षा तुझं सोपं आहे. फोटोचा मालक तू. न विचारता माझा फोटो वापरला म्हणून तू त्या तेलवाल्याला दोन ओळींची नोटीस दे. तो लगेच काढेल."

बाई फोनकडे वाकली. "म्हणजे साहेब, माया तोंडाच्या फोटोचा मालक हे भाऊ?"

"कायद्याने तसंच आहे, बाई."

"तोंड मायं, न फोटो या भाऊचा. मंग मी कोन?"

मग वकील म्हणाला की त्याचा पक्षकार आला आहे, आणि फोन ठेवला. त्याच्या ऑफिसात त्या वेळी कुणी पक्षकार येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी नोटीस घेऊन सिंदीला गेलो. तेलवाला तरुण होता, मनाने वाईट नव्हता. फेसबुकवर जे आहे ते सगळ्यांचंच असतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. "तुमचं नाव बी तसंच ठेवलं न, काका," तो म्हणाला. "काय फोटो हाय. तोंडावर दुखनं कसं वाहून राह्यलं. लोकं फोटो पाहूनच बाटली मागतेत." एवढी मनापासून तारीफ माझी कुणी केली नव्हती, आणि एवढी लाजही मला कधी वाटली नव्हती. नोटीस वाचून तो घाबरला. आजच फ्लेक्स काढतो म्हणाला आणि माझ्या गुडघ्यांकडे पाहून दोन बाटल्या देऊ लागला. मी घेतल्या नाहीत. आधीच्या बाटलीने चादर तेवढी पिवळी झाली होती.

मी मोठ्या तोऱ्यात मुकादमबाईला फोन केला की फ्लेक्स निघतं आहे. मला वाटलं, ती आभार मानेल.

"नोको," ती म्हणाली. "काढाले नोका सांगू. बाजाराच्या दिवसापरेंत राहू द्या."

"का?"

"आता काढलं तर लोकाइच्या डोळ्यात जे हाय थेच राहीन. बाजाराच्या दिवशी येजा. तेलवाल्याले बी थांबाले सांगजा."

बाजाराच्या दिवशी मी अर्थातच कॅमेरा घेऊन गेलो. सवय कुठे सुटते? स्टँडसमोर ते फ्लेक्स, त्याखाली ती, आणि तिच्या मागे तिच्या सोळा बाया पदर खोचून ओळीने उभ्या. तिच्या पायाशी एक भलं मोठं गाठोडं होतं. तिने कुणाला भाषण वगैरे दिलं नाही. गाठोड्याजवळ उकिडवी बसली, ते उचलून डोक्यावर घेतलं आणि कशालाही हात न टेकता उभी राहिली. मग गाठोड्यासकट पुन्हा बसली. पुन्हा उभी. वर फ्लेक्सवर तिच्याच गुडघ्यातून विजा निघत होत्या आणि खाली ती उठत होती, बसत होती. माणसं थांबू लागली. कुणी तरी मोठ्याने आकडा म्हणायला सुरुवात केली. चौदाव्या वेळी तिने गाठोडं खाली ठेवलं आणि तेलवाल्याला म्हणाली, "ये बाप्पा, तू एक खेप उचलून दाखव. तुह्यापाशी तं तेल बी हाय."

तेलवाल्याने खरंच प्रयत्न केला. गाठोडं गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथून तो स्वतःच खाली बसला. बाया इतक्या हसल्या की त्यालाही हसू आलं.

अशी फ्रेम आयुष्यात एकदा मिळते, हे कुठल्याही फोटोग्राफरला सांगावं लागत नाही. वर ते फ्लेक्स, खाली ती. माझा हात कॅमेऱ्यावर गेला होता. तीस वर्षांत प्रथमच स्टुडिओबाहेर मी तोंड उघडलं आणि विचारलं, "ताई, काढू का?"

"नोको," ती म्हणाली.

मी थांबलो. पण एव्हाना पाच-सहा मोबाईल वर झाले होते. तिने त्यांनाही हात करून सांगितलं, मोबाईल खाली ठेवा. "मोबाईलवर पाह्यलं तं लोकं म्हणतील बनवलं हाय. ज्याले पाहायचं त्यानं इथं डोळ्यानं पाहावं." सगळ्यांनी ऐकलं, एक माणूस सोडून. तो चांगला शिकलेला होता. त्याने मोबाईल तसाच धरून विचारलं, "काऊन? रस्ता सरकारचा हाय. फोटो काढाची मनाई कोन्या कायद्यात हाय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गळ्यात कॅमेरा असलेला मी एकटाच होतो आणि त्याचं वाक्य माझ्या खिशातल्या कार्डावर जवळजवळ तसंच होतं. मला फार वाईट वाटलं, कारण इतक्या उशिरा आणि इतक्या लोकांसमोर मला माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं.

"कायद्याने तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "त्या नको म्हणतात, म्हणून काढू नका. मी असाच एक काढला होता, तो हा वर लागला आहे."

त्याने वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात टाकला. मीही झाकण लावून कॅमेरा पिशवीत ठेवला. मग तिने गाठोडं पुन्हा डोक्यावर घेऊन एकोणीसपर्यंत उठाबशा काढल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्या नुसत्या पाहिल्या. गर्दीत मागे एक शेतमालक मोटारसायकलवर बसून पाहत होता. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "मावशी, शुक्रवारी सीतादही हाय. बाया घेऊन येजो." तिने मान डोलावली. त्यानंतर तिने तेलवाल्याला फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला सांगितलं आणि एका बाजूने स्वतः धरलं. ते कापड तिने घडी करून नेलं. वाळवणाला कामी येईल म्हणाली.

दिवाळी झाल्यावर ती पुन्हा स्टुडिओत आली. आठातली सहा वावरं मिळाली होती, टोळी शाबूत होती. मी तिला म्हणालो की फेसबुकवरून फोटो केव्हाच काढला, प्रशस्तिपत्र आणि काचेवरचं पत्रकही उतरवलं, आता मूळ फोटोही तुमच्यासमोर पुसून टाकतो. मला ते तिच्या डोळ्यांदेखत करायचं होतं. खरं सांगायचं तर थोडी शाबासकीही हवी होती.

"पुसाच्या आंधी एक खेप दाखवा," ती म्हणाली. "मी थो तेलाच्या बाटलीसंगंच पाह्यला."

मी मूळ फोटो उघडला. रंग होते तसे, काही न कापलेला. तिच्या लुगड्याचा हिरवा रंग मी जवळजवळ वर्षभर पाहिला नव्हता. उजव्या बाजूला मी कापून टाकलेलं ते काहीबाही पुन्हा दिसू लागलं. तिचा दुसरा हात होता. हातात मोबाईल होता, पडदा अजून उजळलेला. कष्टकरी बाईच्या हातात मोबाईल बरा दिसत नाही, दुःख कमी वाटतं, म्हणून मी तो उडवला होता.

ती पडद्याच्या जवळ आली. मग तिने बोट मोबाईलवर ठेवलं.

"हा पोरीचा फोन हाय. नर्सिंगले नंबर लागला, म्हणून सांगत होती. तीनदा इचारलं मी, खरं काय, खरं काय. मंग पायातला जीवच गेला खुशीनं. उभं राहाता नाई आलं. म्हणून त्या पायरीवर बसली." ती हसली. "गुडघा धरून बसली होती, नाई तं तिथंच पडली असती."

मी त्या फोटोला नाव दिलं होतं 'थकवा'. लोकांनी हात जोडले होते. तेलवाल्याने त्यात दुखणं पाहिलं, परीक्षकांनी दुःख पाहिलं आणि मी तर त्यावर सहा महिने बोललो होतो. तिच्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा क्षण माझ्या कॅमेऱ्याने नीट पकडला होता आणि मी तो अर्धा कापून लोकांना रडायला दिला. मी चष्मा पुसत बसलो.

"पुसू?" शेवटी मी विचारलं.

"थांबा." ती अजून पडद्याकडेच पाहत होती. "पोरगी म्हणते, आई, मी फोन केला तवा तू दिसत कशी होती? मी म्हणलं, मले काय मालूम, मले काय मायं तोंड दिसते?"

मी पडदा पूर्ण तिच्याकडे वळवला, रंगीत, मोबाईलसकट. कोपऱ्यात माझं नाव नव्हतं. नेहमीचा शब्द तोंडातून निघायला एवढा वेळ मला कधीच लागला नव्हता.

"पसंत?"

"हाव," ती म्हणाली. "दोन काढा. एक पोरीले."